शिडीचे एजंट

भाड्याने खोली मागायला गेलं की बेंगळूरचे घरमालक तेव्हा दोनच गोष्टी विचारत: मांसमच्छी खाता का, आणि लग्न झालंय का. चामराजपेटेतल्या आमच्या घरमालकांनी यातलं काहीच विचारलं नाही. ओट्यावरच्या बाकावर बसल्या बसल्या त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाले, "मतदार यादीत नाव आहे काय?"

मी म्हटलं, "आहे. बेळगावात."

"आणि राहणार इथे?"

"बदली झालीय."

"मग तिथलं नाव काढायचं. यादीत तुम्ही तिथे आणि देहाने इथे, असं झालं की तिथे तुमच्या नावाने दुसराच कोणी मत घालून जातो. स्वल्प विचार करा."

मला किल्ली हवी होती, विचार नको होता. त्यांच्याच बाकावर बसून, त्यांच्याच दौतीतल्या शाईने मी बेळगावच्या कचेरीला पत्र लिहिलं. ते त्यांनी स्वतः जाऊन रजिस्टर केलं, पावती माझ्या हातावर ठेवली आणि मगच किल्ली दिली. बेळगावच्या यादीतून माझं नाव तत्परतेने गेलं, पण तोवर बेंगळूरच्या यादीची मुदत टळून गेली होती. म्हणजे सत्तावन्न सालच्या निवडणुकीत मी अख्ख्या हिंदुस्थानात कुठेच नव्हतो. मी कुरकुर केली तेव्हा ते म्हणाले, "दोनदा असण्यापेक्षा एकदाही नसलेलं बरं, तम्मा."

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. पत्र टाकल्या दिवसापासून मी त्यांचा तम्मा झालो होतो. त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची, म्हणून मीही अण्णाच म्हणू लागलो. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं विसरले. त्यामुळे अण्णांची मराठी आमच्या बेळगावच्याही वरताण होती. दर चार शब्दांमागे एक कानडी शब्द यायचा, आणि तो कानडी आहे हे त्यांना पटवून देणं अशक्य होतं. "स्वल्प हा मराठीच शब्द आहे," ते म्हणायचे, "पुण्याकडच्या लोकांनी तो टाकून दिला, आम्ही जपला."

नोकरी त्यांनी पोस्टात केली होती, तीस वर्षं, रजिस्टर पत्रांच्या एकाच खिडकीवर. निवृत्त होताना माणसं सवयी घरी आणतात. अण्णांनी लाख आणली. घरातल्या कॉफीच्या डब्यावर कागदाची पट्टी, पट्टीवर लाखेचा ठिपका, आणि पट्टीवर तिघांच्या सह्या: एक त्यांची, एक घरातल्या अक्कांची आणि एक माझी. भाडेकरू हा तटस्थ साक्षीदार असतो, असं त्यांचं म्हणणं. रोज सकाळी डबा उघडण्यापूर्वी सील शाबूत आहे हे मी बघायचं. पुष्कळदा मी टॉवेल गुंडाळून, तोंडात दातवण घेऊन हे सरकारी काम केलेलं आहे. एकदा वैतागून मी म्हटलं, "अण्णा, चोराला कॉफी न्यायचीच असेल तर तो लाख फोडून नेईल की."

"नेईल. लाख चोराला अडवायला नसतेच. फुटली हे सगळ्यांना दिसावं म्हणून असते." मग पट्टीवर बोट ठेवून म्हणाले, "सगळ्यांना. मला एकट्याला नव्हे."

आठवड्यातून एकदा घरात मतदानही व्हायचं. रविवारी भाजी कुठली, यावर. दोन डबे, एकावर वांग्याचं चित्र, दुसऱ्यावर दुधीचं, आणि प्रत्येकाला एक चिंचोका. अण्णा डबे आमच्यासमोर पालथे करून रिकामे दाखवायचे, मग भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. निकाल बहुधा वांग्याच्या बाजूने दोन विरुद्ध एक लागायचा आणि पानात दुधी यायचा. अक्का म्हणायच्या, "निकाल तुमचा, चूल माझी." अण्णांनी यावर कधीच हरकत घेतली नाही. मोजणी चोख झाली की पुढचं त्यांना विशेष नसायचं.

त्यांच्या वाचनात एकच ग्रंथ होता, आमच्या वॉर्डाची मतदार यादी. इतर म्हातारे पोथी वाचतात तशी ते ती वाचायचे, बोट ठेवून, पुटपुटत. कुठे एक माणूस दोनदा आलाय, कुठे मुलगा बापापेक्षा मोठा झालाय, ते लाल शाईने टिपायचे. मेलेल्यांवर त्यांचा फार राग. "मेलेल्या माणसाचं मत जिवंत माणसापेक्षा शिस्तीचं असतं," ते म्हणायचे, "सांगितलेल्या पेटीतच पडतं." त्यामुळे गल्लीत कोणी गेलं की तेराव्याला अण्णा हजर. आधी दोन शब्द सांत्वनाचे, मग खिशातून नाव वगळण्याचा अर्ज. काही घरांत त्यांना लाडू मिळाले, काही घरांत दार दाखवलं.

एकदा तर त्यांनी जिवंत माणूसच वगळला. सुलतानपेटेतला एक बँडवाला बरेच दिवस दिसला नाही आणि कोणीतरी "गेला" म्हणालं. तो गेला होता म्हैसूरला, मुलीकडे. परत आल्यावर क्लॅरिनेट हातात घेऊनच तो आमच्या ओट्यावर चढला. मला वाटलं आता डोक्यात घालतो. अण्णांनी त्याला बसवलं, अक्कांना कॉफी करायला सांगितलं आणि म्हणाले, "तुम्ही जिवंत आहात हे मला दिसतंय, सरी, मान्य. पण यादीला डोळे नाहीत. आपण तिला लिहून कळवू." आणि त्या माणसाकडून त्यांनी 'मी जिवंत आहे' असा अर्ज लिहून घेतला, खाली साक्षीदार म्हणून स्वतः सही केली. बँडवाला कॉफी पिऊन गेला तो नंतर कोणालाही सांगायचा की बेंगळुरात कागदोपत्री जिवंत असलेला मी एकटाच.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं आणि गल्ली नेतही होती. मीही पहिले दोन महिने नेलं. मग एकदा अक्कांनीच, शेंगा सोलता सोलता, मला बावन्न सालची गोष्ट सांगितली.

अक्का ही खरं तर अण्णांची बायको. तिला अक्का, म्हणजे थोरली बहीण, म्हणण्याचं कारण असं की तिची चार धाकटी भावंडं आईबाप गेल्यावर याच घरात वाढली. ती भावंडं अक्का म्हणायची, मग गल्ली म्हणू लागली, आणि शेवटी अण्णांच्याही तोंडी तेच बसलं. स्वतःच्या बायकोला चारचौघांत बहीण म्हणणारा दुसरा नवरा मी पाहिलेला नाही. तर पहिल्या निवडणुकीच्या आधी यादीवाला घरोघर फिरत आला. अण्णा बाकावर बसलेले. "घरात मोठी माणसं किती?" "दोन. मी आणि आमची अक्का." "अक्का कोण?" "बायको." यादीवाल्याने त्यांचं नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, 'यांची बायको'. अण्णांना त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढे वरून हुकूम आला, ज्या बायकांचं स्वतःचं नाव नाही त्यांची नोंद काढून टाका.

मतदानाच्या दिवशी अक्का इरकली नेसून, डोक्यात अबोली घालून दोन तास रांगेत उभ्या राहिल्या. टेबलाशी पोचल्यावर कळलं की यादीत त्या नाहीत. अण्णा बोटाला शाई लावून बाहेर उभे होते.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय म्हणणार? म्हटलं, स्वल्प आधी सांगितलं असतं तर भात लावून आले असते."

त्या हसल्या. पण अण्णा या गोष्टीवर कधी हसले नाहीत. एकदा यादी वाचता वाचता मान वर न करता मला म्हणाले, "तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं बरोबर पत्त्यावर पाठवली, तम्मा. घरातल्या माणसाचा पत्ता मी स्वतः बाकावर बसून चुकवला." त्यांना वाईट वाटत होतं, आणि पाच वर्षं रोज वाटत होतं. लाख, चिंचोके, तेरावे, सगळं त्या दोन तासांच्या रांगेतून आलेलं होतं.

म्हणून सत्तावन्न साली काही झालं तरी अक्कांचं मत पडलं पाहिजे होतं. या खेपेला अण्णांनी यादीवाल्याला दारातच गाठून मोठ्या अक्षरात नाव लिहून दिलं: सरस्वतीबाई. यादी छापून आली तेव्हा ती ओळ त्यांनी मला तीनदा वाचून दाखवली.

एवढ्यावर भागेना. केंद्रात काय चालतं ते आत बसून बघायला हवं, आणि आत बसायला मिळतं फक्त उमेदवाराच्या एजंटाला. मोठ्या पक्षांकडे एजंटांची रीघ. अण्णांनी शोधून शोधून विधानसभेला उभा असलेला एक अपक्ष गाठला, ज्याला घरच्यांखेरीज कोणी विचारत नव्हतं. निवृत्त ड्रॉइंग मास्तर होते ते, राहायला मतदारसंघाच्या दुसऱ्या टोकाला, चिन्ह शिडी. अण्णांनी त्यांचे विचार विचारलेसुद्धा नाहीत. "माझं मत गुप्त आहे," मला म्हणाले, "पण तुला म्हणून सांगतो, शिडीला देणार. ज्याच्या नावावर खुर्ची मिळाली त्याला मत न देणं बरं दिसत नाही."

अक्कांना मात्र कोणाला मत द्या असं सांगायचं नाही, हा त्यांचा पण. तो पाळताना त्यांचा जीव कासावीस व्हायचा. एक दिवस बघतो तर माळ्यावरची शिडी अंगणात, बरोबर स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर उभी. मी नुसतं बघितलं. ते म्हणाले, "जळमटं काढायची आहेत." आठ दिवस झाले तरी शिडी तिथेच होती, जळमटंही जागच्या जागी होती. अक्कांनी तिच्या पायऱ्यांवर सांडगे मिरच्या वाळत घातल्या.

सरावही झाला. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची. पडद्याआड ओळीने पेट्या, प्रत्येकीवर चिन्ह, आणि मतदाराने कोरी मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायची. अण्णांनी चार डबे मांडले, जुन्या लुगड्याचा पडदा केला, अक्कांच्या हातात चिठ्ठी दिली आणि स्वतः ओट्यावर जाऊन बसले. अक्का आत गेल्या, बाहेर आल्या. डबे उघडले तर चारही रिकामे.

"चिठ्ठी कुठे?"

"आहे माझ्यापाशी. सरावासाठी कशाला खर्च करू?"

मतदानाला दहा दिवस राहिले असताना माझ्या कचेरीतून हुकूम आला की मला निवडणुकीच्या कामाला जायचंय. आधी हेब्बाळ, तळ्यापलीकडची शाळा. मग नावांची उलटापालट झाली आणि आली आमच्याच गल्लीमागची कानडी शाळा. ती उलटापालट कोणी केली याचा अण्णांनी दोन दिवस तपास केला. काही निष्पन्न झालं नाही तेव्हा त्यांनी मला 'तम्मा' म्हणणं बंद केलं. "आजपासून आपण सरकार," ते म्हणाले, "आणि मी एका उमेदवाराचा माणूस. आपलं एकमेकांकडे खाणंपिणं बरं नव्हे." दहा दिवस त्यांनी मला साहेब म्हटलं, आणि दहा दिवस अक्कांनी मला मागच्या खिडकीतून कॉफी दिली.

मतदानाच्या दिवशी आमच्या केंद्राचे प्रमुख होते तुमकूरकडचे एक हेडमास्तर. डोक्याला जरीचा रुमाल, हातात तपकिरीची डबी, स्वभाव थंड. मतदान सुरू होण्याआधी पेट्या रिकाम्या दाखवायच्या असतात. बाकीच्या एजंटांनी लांबून मान डोलावली. अण्णांनी प्रत्येक पेटीत कोपरापर्यंत हात घातला. एका पेटीतून झुरळ निघालं. अण्णा गंभीरपणे म्हणाले, "यादीत नाही. बाहेर काढा." मग कागदी सिलांवर सह्या झाल्या, अण्णांनी पहिल्या पाचांत मत दिलं आणि ते बाकावर बसले, खिशात हरकत घेताना भरायच्या अनामतीचं लाखबंद पाकीट घेऊन.

यादी माझ्यापुढे होती. येणाऱ्याला नाव विचारायचं, यादीत खूण करायची, बोटाला शाई लावायची. पुरुषांचं सोपं होतं. बायकांना विचारायचं स्वतःचं नाव आणि नवऱ्याचं नाव, आणि नवऱ्याचं नाव घेतील तर त्या बायका कसल्या. कानडी असो की मराठी, सगळ्यांची एकच तऱ्हा. एक म्हणाली, "सात डोंगरांवर राहतो तो देव." हेडमास्तर म्हणाले, "वेंकटेश?" तिने मान हलवली. "श्रीनिवास?" पुन्हा नाही. तिसऱ्या खेपेला तिम्मप्पा निघाला आणि रांगेत टाळ्या पडल्या. तेवढ्यात बाकावरून आवाज आला, "हरकत नाही घेत, पण सुचवतो. नाव मतदाराने स्वतः सांगायचं. सरकारने ओळखायचं नसतं. उद्या चुकीचं ओळखलं तर?" हेडमास्तरांनी तपकीर ओढली आणि मान्य केलं. मी घड्याळ बघितलं नाही, पण त्यानंतर रांग गोगलगायीच्या चालीने चालली. एका फुलवालीला तर नवऱ्याचं नाव स्वतः घ्यायला तयार होईपर्यंत बाजूला बसवून ठेवावं लागलं. ती अण्णांकडे बघून जे काय म्हणाली ते मी कानडी येत असूनही समजल्याचं दाखवलं नाही.

अकराच्या सुमारास अक्का आल्या. तीच इरकली. टेबलाशी आल्या तेव्हा माझं बोट आधीच त्यांच्या ओळीवर होतं. पण नियम म्हणजे नियम, आणि बाकावर अण्णा. मी विचारलं, "नाव?"

अक्कांनी माझ्याकडे बघितलं नाही, अण्णांकडेही नाही. सरळ समोरच्या फळ्याकडे बघत म्हणाल्या, "गोदावरी."

माझं बोट सरस्वतीबाईंवर आणि कानात गोदावरी. मी आवाज खाली आणून म्हटलं, "सरस्वती म्हणायचंय ना?"

"साहेब," बाकावरून अण्णा म्हणाले, "मतदाराच्या तोंडात शब्द घालू नका."

मग ते उठले. खिशातलं पाकीट काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. "हरकत आहे. सांगितलेलं नाव आणि यादीतलं नाव एक नाही."

रांगेतल्या बायका आधी हसल्या, मग पुढे सरकून बघू लागल्या. पाच वर्षं ज्या एका मतासाठी हा माणूस झुरला ते मत आता त्याच्याच हरकतीने परत जाणार होतं. हरकत न घ्यावी तर सकाळी त्या फुलवालीला बसवून ठेवलं होतं, आणि ती अजून बाजूलाच होती, बघत. मला त्या क्षणी अण्णांचा अतिशय राग आला, आणि त्यांच्या जागी मी असतो तर डोळे मिटून घेतले असते, हेही कळलं.

हेडमास्तरांनी पाकीट फोडून घेतलं आणि चौकशी सुरू केली. "या बाईंना कोण ओळखतं?"

सगळी रांग म्हणाली, "या अक्का."

"अक्का हे नाव यादीत नाही," अण्णा म्हणाले.

"तुम्ही ओळखता काय यांना?"

"मी शिडीचा एजंट आहे. हरकत घेणाऱ्याने साक्ष द्यायची नसते."

हेडमास्तरांनी रुमाल काढून डोकं पुसलं आणि मला म्हणाले, यांना विचार, दोन नावं कशी. मी विचारलं. अक्का म्हणाल्या, "नाव काय म्हणून विचारलंत. माझं नाव गोदावरी. बापाने ठेवलेलं. ते सरस्वती यांनी लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलं. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवले की आम्ही. त्यानंतर त्या नावाने मला हाक कोणी मारली? यांनी तरी मारली काय?"

मी हे सगळं कानडीत सांगितलं. हेडमास्तर विचारात पडले. मग म्हणाले, "गंडन हेसरु? नवऱ्याचं नाव सांगू दे. ते यादीशी जुळलं तर मी मानीन. पण स्वतः सांगायचं." आणि त्यांनी अण्णांकडे बघितलं, कारण नियम त्यांचाच होता.

अक्कांनी पदर सावरला. "नाव घेतलं तर आत सोडाल?"

"सोडतील," मी म्हटलं.

"सरी," अक्का म्हणाल्या, आणि मंगळागौरीला घेतात तसं ठसक्यात नाव घेतलं:

"मतांच्या खोलीला पडदा गोणपाटाचा,
…राव विसरले मान शेजारच्या पाटाचा."

गाळलेलं नाव मी इथे लिहीत नाही. ते घेण्याचा अधिकार एकाच व्यक्तीला होता आणि तिने तो बजावला. रांगेतल्या मराठी बायकांनी हसता हसता भिंत धरली. कानडी बायकांना शब्द कळले नाहीत, पण काय झालं ते नेमकं कळलं. फुलवाली तर सगळ्यांत जोरात हसली. हेडमास्तरांनी मला विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हटलं, "नवऱ्याचं नाव सांगितलं. यादीशी जुळतं."

"इष्टेना? एवढंच? बोलल्या तर पुष्कळ."

"बाकीचा घरगुती विषय आहे, सर."

हरकत फेटाळली, अनामत जप्त. अण्णांनी पावती मागितली. ती घेताना त्यांचा चेहरा असा काही फुलला की बाजूच्या एजंटाला वाटलं, म्हाताऱ्याला पैसे परत मिळाले. मी अक्कांच्या बोटाला शाई लावली, मतपत्रिका दिली, आणि त्या गोणपाटाआड गेल्या. आत त्या बराच वेळ होत्या. बाहेर येऊन बाकासमोरून जाताना त्या म्हणाल्या, "भात तयार आहे. सुटलात की या."

दुसऱ्याच दिवशी अण्णांनी यादीत दुरुस्तीचा अर्ज केला. सरस्वतीबाईच्या जागी गोदावरीबाई. कचेरीत कारण विचारलं तेव्हा त्यांनी लिहिलं, 'नाव मतदाराने स्वतः सांगितले.' बासष्ट साली ती यादी छापून आली तेव्हा मी त्याच खोलीत होतो. आता एकाच कागदावर सगळे उमेदवार आणि पसंतीच्या चिन्हापुढे शिक्का, अशी नवी पद्धत आली होती. अण्णांना ती पटली. पेट्या वेगळ्या असल्या की कुठल्या वस्तीने कोणाला किती दिलं ते उघडं पडतं, हे त्यांना स्वानुभवाने माहीत होतं.

तो अनुभव सत्तावन्नच्या मोजणीचा. अण्णा मोजणीलाही शिडीचे एजंट म्हणून गेले होते. सकाळी गेले ते दिवे लागायच्या वेळी चालत परत आले. मी ओट्यावर होतो. ते बाकावर बसले, वहाणा काढल्या, पाय दाबले.

"ड्रॉइंग मास्तरांचं काय झालं?"

"पडले. अनामतही गेली." मग म्हणाले, "आपल्या शाळेतली पेटी माझ्यासमोर फोडली. सील शाबूत होतं. शिडीच्या पेटीत मतं निघाली एक."

"एक?"

"एक. तीनदा मोजायला लावलं."

ते एक कोणाचं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मतदान गुप्त असतं, पण एकातून एक गेला की काय उरतं हे कोणालाही येतं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. अण्णांनीही बघितलं. शिडी अजून तिथेच उभी होती आणि अक्का तिच्यावरून मिरच्या काढत होत्या.

"काय झालं हो निकालाचं?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"शिडी पडली," अण्णा म्हणाले.

"अय्यो, पाप, बिचारा. भला माणूस होता म्हणे," अक्का म्हणाल्या आणि सूप घेऊन आत गेल्या.

मला हसू आवरेना. अण्णा मात्र हसत नव्हते. त्यांचे डोळे भरून आले होते आणि चेहऱ्यावर, मी शपथेवर सांगतो, निव्वळ समाधान होतं. माझ्याकडे वाकून, आत ऐकू जाऊ नये अशा बेताने ते म्हणाले, "निवडणूक चोख झाली, तम्मा."